किणकिणत्या गिटारची वंशावळ: आर.ई.एम.च्या आवडत्या गाण्यांचा संच बसवताना ठेवलेल्या नोंदी

काम असं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या आर.ई.एम. या बँडवर ज्या गाण्यांचा संस्कार झाला त्यांतली सहा आणि त्यांची स्वतःची दोन, असा अर्ध्या तासाचा संच पुण्यातल्या जॅमरूममध्ये उभा करायचा. चार माणसं, दोन सहा-तारी इलेक्ट्रिक गिटार (एक टेलिकास्टर घाटाची, एक हमबकर म्हणजे दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपवाली), बास, ड्रम्स आणि एक मँडोलिन. आर.ई.एम.च्या आवाजाची ओळख असलेली रिकनबॅकर गिटार नाही आणि घेण्याचा विचारही नाही. असाच संच बसवणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१ जून

गाण्यांची निवड झाली. बँडवर कुणाचा प्रभाव आहे हे मुलाखतींतून शोधण्यापेक्षा त्यांनी दुसऱ्यांची कुठली गाणी स्वतः वाजवून रेकॉर्ड केली ते पाहावं. मुलाखतीत माणूस वीस नावं सांगतो, पण रेकॉर्ड केलेल्या गाण्यात त्याचा हात दिसतो. आर.ई.एम.च्या बाबतीत हे सोपं आहे. त्यांचा गिटारवादक पीटर बक वुक्स्ट्री या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, गायक मायकेल स्टाइपची गाठ तिथेच पडली. ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चमधल्या वाढदिवसाच्या पार्टीत त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. सिंगलच्या मागच्या बाजूला त्यांनी इतरांची गाणी भरपूर टाकली आणि त्यांतली बरीचशी १९८७ च्या ‘डेड लेटर ऑफिस’ या संग्रहात एकत्र मिळतात.

संचाचा क्रम (मूळ बँड आणि गाणं): बर्ड्सचं ‘आय विल फील अ होल लॉट बेटर’, व्हेल्वेट अंडरग्राउंडची ‘देअर शी गोज अगेन’ आणि ‘फाम फताल’, पायलॉनचं ‘क्रेझी’, वायरचं ‘स्ट्रेंज’, द क्लीकचं ‘सुपरमॅन’. शेवटी आर.ई.एम.ची ‘रेडिओ फ्री युरोप’ आणि ‘लूझिंग माय रिलिजन’. बर्ड्सचं गाणं आमच्या निवडीचं आहे, मधली पाचही आर.ई.एम.ने स्वतः रेकॉर्ड केलेली आहेत.

‘डेड लेटर ऑफिस’मधलं एरोस्मिथचं ‘टॉइज इन द अॅटिक’ आणि रॉजर मिलरचं ‘किंग ऑफ द रोड’ वगळलं. ऐकायला मजा येते, पण वाद्यांची मांडणी शिकायला त्यांत फार हाती लागत नाही. व्हेल्वेटचं ‘पेल ब्लू आइज’ सोडताना मात्र जिवावर आलं. अर्ध्या तासात दोन संथ गाणी पेलली नसती.

८ जून

ऐकण्याची पद्धत ठरवली. प्रत्येक गाण्यासाठी एक कागद, त्यावर चार रकाने: खालचे सूर कोण सांभाळतं, धून कुणाकडे आहे, ठेका कोण पकडून आहे आणि गप्प कोण आहे. चौथा रकाना सगळ्यात कामाचा ठरतोय. या बँडची सगळी शिकवण मला तिथेच दिसते: गिटारने जी जागा सोडली ती बासने घेतली, बासने जी सोडली ती दुसऱ्या आवाजाने.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं ७० टक्के वेगावर आणून डावा आणि उजवा चॅनल वेगवेगळा ऐकावा. साठच्या दशकातल्या स्टिरिओ मिक्समध्ये वाद्यं एकेका बाजूला ढकललेली असतात, त्यामुळे अर्धं काम तिथेच होतं. गाण्यातून वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअरं या प्रकारच्या गिटारला उपयोगी नाहीत. किणकिणत्या गिटारचा वरचा भाग आणि सिंबल एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे सॉफ्टवेअर अर्धी गिटार ड्रम्सच्या फाइलमध्ये टाकतं आणि उरलेली पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते. बास वेगळी काढायला मात्र ती उत्तम.

नेटवरचे कॉर्डचे तक्ते नुसते सांगाडा म्हणून वापरावेत. ‘ई मायनर’ असं लिहिलेलं असतं आणि मूळ गाण्यात त्या जागी फक्त दोन तारा वाजत असतात.

१५ जून

बारा तारांचा प्रश्न. बर्ड्सच्या रॉजर मग्विनची गिटार म्हणजे रिकनबॅकर ३६०/१२. इतर बहुतेक बारा-तारी गिटारांत खालच्या चार जोड्यांमध्ये वरच्या सप्तकाची बारीक तार आधी येते आणि जाड तार नंतर. रिकनबॅकरमध्ये हा क्रम उलटा आहे. वरून खाली पिक मारला की जाड तार आधी बोलते आणि बारीक तिच्या मागून चमकते. मग्विन पिक धरून शिवाय मधल्या बोटांना बँजोची नखं लावायचा, त्यामुळे सुटे सूर एकसारख्या वजनाने येतात.

आमच्याकडे बारा-तारी नाही. करून पाहिलेले उपाय:

कोरस पेडल: नापास. आवाज डुलतो, पण वरचं सप्तक येत नाही, आणि बारा तारांची ओळख त्या सप्तकातच आहे.

साधं ऑक्टेव्ह पेडल: नापास. एक सूर असेल तर ठीक. सुटे सूर एकमेकांवर वाजत राहिले की पेडल गोंधळतं आणि गचके देतं.

उंच तारांची गिटार: पास. बारा तारांचा एक संच आणायचा आणि त्यातल्या फक्त बारीक तारा सहा-तारी गिटारला चढवायच्या. ई ला .०२६ (जाडी इंचांत), ए ला .०१८, डी ला .०१२, जी ला .००८, बी आणि वरचा ई नेहमीचेच,.०१३ आणि .०१०. खालचे चारही सूर एक सप्तक वर जातात. दुसरी गिटार नेहमीच्या तारांची ठेवायची आणि दोघांनी अगदी तेच वाजवायचं. संचाला साधारण १,२०० रुपये पडले. उरलेल्या जाड तारा दुसऱ्या गिटारला चालतात, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

यातल्या अडचणी. जी ची .००८ तार ट्यून करताना तुटते, कारण तिचा सूर वरच्या ई पेक्षाही चढा आहे. शेवटच्या अर्ध्या सुरात पीळ अगदी हळू द्यावा, आणि नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत पेन्सिलचं शिसं घासावं. बारीक तारा नटच्या रुंद खाचांत सैल बसतात आणि खुल्या वाजवल्या की फरफरतात. खाचेत कागदाची पातळ पट्टी घातली की थांबतं, आणि नंतर काढताही येते. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) मानेच्या दिशेला पुढे घ्यावे लागतात, नाहीतर वरच्या फ्रेटवर सूर उतरलेले येतात. आमच्या टेलीला तीनच सॅडल आहेत, म्हणजे दोन तारांना मिळून एक. तिथे डी आणि जी यांच्यात तडजोड करावी लागली. डी ला झुकतं माप दिलं.

बर्ड्सच्या गाण्यातल्या रिफचा (परत परत येणाऱ्या छोट्या धुनेचा) गाभा सोपा आहे. ए कॉर्ड धरून दुसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, मग खुली, मग तिसऱ्या फ्रेटवर. हीच हालचाल त्याआधीच्या ‘नीडल्स अँड पिन्स’मध्ये आहे, बर्ड्सनी ती तिथून उचलली. म्हणजे वंशावळीत आणखी एक पिढी मागे जाता येतं.

२४ जून

बर्ड्सच्या आवाजातलं दुसरं अंग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारं यंत्र. मग्विनच्या गिटारवर स्टुडिओत एकामागे एक असे दोन कॉम्प्रेसर लावलेले असायचे. एकाच पेडलवर सगळा भार टाकला तर प्रत्येक पिकनंतर आवाज श्वास घेतल्यासारखा फुगतो. दोन लावून प्रत्येकाकडून पाच-सहा डेसिबलच दाबून घेतलं की तार लांबते आणि फुगवटा येत नाही.

याची किंमत म्हणजे खरखर. दोन कॉम्प्रेसरनंतर सिंगल कॉइल पिकअपची सगळी घाण वर येते. अॅम्प बदलला, केबल बदलल्या, काही फरक नाही. कारण छतावरचा पंखा निघाला. जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा मधल्या वेगावर असेल तर तो ‘झर्रर्र’ पिकअपमध्ये थेट शिरतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद. काहीही विकत घेण्याआधी हे तपासावं.

२९ जून

हमबकरवाल्या गिटारला रिकनबॅकरच्या जवळ नेण्याचा प्रयत्न. जुन्या रिकनबॅकर वाद्यांत ब्रिजजवळच्या पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायचा, तो खालचे सूर अडवतो. दुकानात ‘४७२’ छापलेला फिल्म कपॅसिटर मागावा, पाच-दहा रुपयांत मिळतो. पिकअपची गरम तार स्विचपासून सोडवायची आणि मध्ये कपॅसिटर डकवायचा. सोल्डरिंग दहा मिनिटांचं काम आहे.

पण नुसता लावून उपयोग दिसत नाही. आमच्या गिटारचा ५०० के (किलोओहम) चा व्हॉल्यूम आणि ५०० के चा टोन मिळून वाटेत सुमारे २५० के चा भार येतो. त्या भाराला ४७२ लावला की काट साधारण १३५ हर्ट्झखाली बसते. गिटारचा सगळ्यात खालचा ई ८२ हर्ट्झ आणि ए ११० हर्ट्झ, म्हणजे दोनच तारांच्या मूळ सुराला धक्का लागतो. २२२ (२.२ नॅनोफॅरड) लावला तर काट २९० हर्ट्झच्या आसपास जाते, फरक लगेच कळतो, पण एकटी गिटार वाजवताना ती पत्र्यासारखी वाटते.

शेवटी ४७२ च ठेवला आणि स्विच मधे. दोन्ही पिकअप चालू असले की खालचे सूर नेक पिकअपकडून येतात आणि वरचे ब्रिजकडून, एकमेकांना चिखलात ओढत नाहीत. वर अॅम्पचा बास तीनवर. मी म्हणेन, हा या प्रकल्पातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारा बदल.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण जॅमरूममध्ये यावर नेहमी वाद होतो. पीटर बक मुख्यतः सहा-तारी रिकनबॅकर ३६० वाजवतो. आर.ई.एम. ऐकून लोक बारा-तारी शोधायला निघतात, पण बक बारा तारांचा आभास खुल्या तारांमधून तयार करतो: एक-दोन बोटं सरकतात आणि बाकीच्या तारा तशाच वाजत राहतात. बर्ड्सकडून त्याने आवाज घेतला तो हाताने.

६ जुलै

‘देअर शी गोज अगेन’. व्हेल्वेट अंडरग्राउंडच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममधलं गाणं, आणि त्याचा सुरुवातीचा रिफ मार्विन गेच्या १९६२ च्या ‘हिच हाइक’वरून आलेला. आर.ई.एम.ने ते ‘रेडिओ फ्री युरोप’च्या १९८३ च्या सिंगलच्या मागे टाकलं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीपासून न्यू यॉर्क, तिथून अथेन्स असा एका रिफचा प्रवास.

व्हेल्वेटची ड्रमवादक मॉरीन टकर उभी राहून वाजवायची. बास ड्रम आडवा पाडलेला, हातात मॅलेट (मऊ डोक्याच्या काठ्या), सिंबल जवळजवळ नाहीच. आमच्या तालवादकाने आधी नेहमीच्या किटवर ‘साधं’ वाजवून पाहिलं. जमलं नाही. पायाखाली पेडल आणि हाताशी हाय-हॅट असली की हात तिकडे जातोच. सिंबल आणि हाय-हॅट खोलीबाहेर नेऊन ठेवली तेव्हा गाणं उभं राहिलं.

बास ड्रम आडवा करताना तो जमिनीवर टेकवू नये, खालचं कातडं दबतं आणि आवाज मरतो. दोन प्लास्टिकच्या क्रेटवर फक्त कडा टेकतील असा ठेवावा. भाड्याच्या जॅमरूममध्ये किट असं उलटंपालटं करायला परवानगी नसेल तर १६ इंची फ्लोअर टॉम जितका ढिला होईल तितका उतरवून घ्यावा, वर एक रुमाल टाकावा. ८० टक्के काम होतं. फेल्टचे मॅलेट ७०० रुपयांना जोडी मिळाले.

गाण्यात मधे सगळं एकदम थांबतं. या थांब्यात प्रत्येकाची वेळ वेगळी पडत होती. उपाय म्हणजे थांब्यात तालवादकाने मॅलेटने मांडीवर ठोके चालू ठेवायचे आणि बाकी तिघांनी त्याच्याकडेच बघायचं. शेवटी मूळ गाणं वेग घेतं, म्हणून क्लिक ट्रॅक त्या जागेआधीच बंद करावा.

व्हेल्वेटमधला जॉन केल त्याआधी ला माँट यंग याच्या गटात तासन्‌तास एकच सूर धरून व्हायोला वाजवायचा. ला माँट यंग पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. बर्ड्सच्या १९६६ च्या ‘एट माइल्स हाय’मागेही जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर आहेत. सवाई गंधर्व महोत्सवाच्या गावात हा संच बसवताना खुल्या तारांचा अखंड सूर इतका ओळखीचा का वाटतो, त्याचं थोडं उत्तर इथे मिळतं.

१३ जुलै

‘फाम फताल’. कडव्याला सी मेजर सेव्हन आणि एफ मेजर सेव्हन, दोनच. x३२००० आणि xx३२१०. पहिल्या दोन बोटांची हालचाल अगदी थोडी आहे, वरच्या तारा खुल्या ठेवाव्यात. पिकने वाजवलं तर टोचतं, अंगठ्याच्या मांसाने वाजवावं. बसलं.

२० जुलै

पायलॉनच्या ‘क्रेझी’ने अख्खा आठवडा खाल्ला आणि तरी मला हेच गाणं संचातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पायलॉन हा अथेन्समधलाच बँड, कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या नियतकालिकाने आर.ई.एम.ला देशातला सर्वोत्तम रॉक बँड म्हटलं, तेव्हा त्यांचा ड्रमवादक बिल बेरी याने तो मान पायलॉनचा आहे असं सांगितलं होतं. प्रभाव म्हटलं की आपण समुद्रापलीकडचे किंवा मागच्या पिढीतले लोक बघतो. पुढच्या गल्लीत सराव करणारा बँडही तितकाच घडवतो, हे यादी करताना लक्षात ठेवावं.

अडचण ट्यूनिंगची. पायलॉनचा गिटारवादक रँडी ब्यूली स्वतःच्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचा. नेहमीच्या ट्यूनिंगमधले तक्ते सुराला बरोबर असूनही कानाला खोटे लागतात, कारण जे सूर मुळात खुल्या तारांचे आहेत ते तक्त्यात दाबलेले असतात. खुली तार ओळखायची रीत: गाणं अर्ध्या वेगावर आणा आणि कॉर्ड बदलतानाही न तुटता वाजत राहणारा सूर शोधा. दाबलेला सूर बोट उचललं की तुटतो, खुला तसाच राहतो.

आम्ही ट्यूनिंग बदललं नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे सहा तारांचे सूर बदलून परत लावणं म्हणजे तीन मिनिटं शांतता. सतत वाजणारे सूर एका गिटारला दिले, हलणारे दुसरीला. बास पिकने आणि ब्रिजजवळ वाजवायची, नाहीतर तिचा खर्ज दोन्ही गिटारांच्या मधली जागा भरून टाकतो. या गाण्यात ती जागा रिकामीच हवी.

२७ जुलै

‘स्ट्रेंज’ आणि ‘सुपरमॅन’, दोन्ही एका बैठकीत.

वायरचं मूळ ‘स्ट्रेंज’ १९७७ च्या ‘पिंक फ्लॅग’वर जवळपास चार मिनिटं, जड आणि संथ, शेवटाकडे बासरीसुद्धा. आर.ई.एम.ने १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’वर ते अडीच मिनिटांत उडवलं. दोन्ही वेगांवर वाजवून पाहिलं. संथ वाजवलं की आवाज पुरेसा मोठा लागतो, छोट्या खोलीत तो वजन धरत नाही. वेगवान घेतलं. पिक फक्त वरून खाली. वर-खाली केलं तर सोपं जातं, पण धार जाते. मनगट दुखायला लागलं तर अॅम्पचा आवाज थोडा वाढवावा, हात आपोआप हलका पडतो.

‘सुपरमॅन’ हे द क्लीकच्या १९६९ च्या सिंगलची मागची बाजू. १९८६ च्या ‘लाइफ्स रिच पेजंट’वर ते माइक मिल्सने गायलं, म्हणजे बासवादकानेच. आमच्याकडेही बास वाजवणारीच गाते. बासची ओळ आणि गाण्याचे शब्द वेगवेगळ्या ठिकाणी जोर घेतात, तिथे अडलं. ओळ सोपी करण्याऐवजी शब्द न म्हणता फक्त ‘ता ता’ म्हणत बास वाजवली, मग स्वर, मग शब्द. हा क्रम उपयोगी पडला. मागचा दुसरा आवाज मुख्य आवाजाच्या जवळपास तितकाच मोठा हवा. तो दाबला तर गाणं पोकळ होतं.

३१ जुलै

परवान्याची चौकशी. हे आधी करायला हवं असतं. कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी वाजवायची तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना लागतो, तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेकडून, आणि साधारणपणे आयोजक किंवा जागेचा मालक घेतो. त्यांनी घेतलाय का हे तारीख पक्की करण्याआधी लेखी विचारावं.

रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणं हा वेगळा विषय. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी नुसार मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यापासून पाच वर्षं उलटली की कव्हर करता येतं, पण दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. आमच्यासारख्या बँडला हे झेपणारं नाही. म्हणून आठही गाणी फक्त प्रत्यक्ष वाजवायची. सरावाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या कानांसाठी.

३ ऑगस्ट

‘रेडिओ फ्री युरोप’. हे दोनदा रेकॉर्ड झालं: १९८१ मध्ये हिब-टोन या छोट्या कंपनीसाठी, आणि १९८३ च्या ‘मर्मर’ या अल्बमसाठी मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन यांच्या हाताखाली. ‘मर्मर’वर गिटारचे लांब सोलो नाहीत आणि सिंथेसायझरची चमकही नाही. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात. पहिली धावते, दुसरी खांद्यावर वजन घेऊन चालते. आम्ही वेग पहिलीचा घेतला आणि मांडणी दुसरीची.

‘मर्मर’च्या आवृत्तीच्या आधी एक विचित्र गुरगुर ऐकू येते. स्टुडिओच्या यंत्रणेतली हम रेकॉर्ड करून, मिल्सच्या बासने ती नॉइज गेटमधून (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्रातून) उघडझाप करवलेली आहे. ही करामत घरी जमते. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हमचा एक ट्रॅक, त्यावर रीगेट हे त्यातलंच गेट. बासच्या ट्रॅकवरून हमच्या ट्रॅकच्या ३/४ चॅनलला सेंड, आणि गेटचा डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर. अटॅक १ ते २ मिलिसेकंद, होल्ड ३०, रिलीज ८०. रिलीज याहून लांब ठेवली तर गुरगुर सलग होते आणि बासचा आकार हरवतो. बासचा ट्रॅक स्वतः म्यूट करायचा, पण सेंड ‘प्री-फेडर’ ठेवायला विसरू नये, नाहीतर गेट उघडतच नाही.

हम मिळवायला गिटारची केबल अॅम्पला लावून दुसरं टोक बोटाने धरलं, आवाज अगदी कमी ठेवून. सूर मात्र मूळ गाण्याशी लागेना. कारण साधं आहे: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. ५० हर्ट्झ म्हणजे जी पेक्षा किंचित चढा, ६० म्हणजे ए शार्प आणि बी यांच्या बरोबर मधे. दोहोंचं गुणोत्तर ६:५, म्हणजे आपली हम षड्ज धरली तर त्यांची कोमल गंधार. रीपरमध्ये हम ३.१६ अर्धस्वर वर सरकवली आणि गुरगुर जागेवर बसली.

गाण्यात गिटार खालच्या तारा जवळजवळ वाजवतच नाही. बासला म्हणून धून वाजवायला मोकळीक आहे. आमच्या गिटारवाल्याला कॉर्ड पूर्ण छेडायची सवय होती, खालच्या दोन तारांवर फोमचा तुकडा अडकवून सराव केला. तो काढल्यावरही हात तिकडे गेला नाही.

१० ऑगस्ट

‘लूझिंग माय रिलिजन’. हे प्रभावांच्या यादीत नाही, लोकांच्या आवडीच्या यादीत आहे. पण त्यातही धागा सापडतो: मिल्सला बासची ओळ सुचेना, तेव्हा त्याने फ्लीटवूड मॅकच्या जॉन मॅकव्हीने काय वाजवलं असतं असा विचार केला. आणि मँडोलिन बक तेव्हा नुकताच शिकत होता.

मँडोलिन जी-डी-ए-ई. बोटं खालच्या तारेपासून वरपर्यंत अशी: ए मायनर २-२-३-०, ई मायनर ०-२-२-०, डी मायनर २-०-०-१, जी ०-०-२-३, एफ ५-३-०-१. ए मायनरवरून ई मायनरला जाताना डी तारेवरचं बोट उचलू नये, ते दोन्हीकडे दुसऱ्या फ्रेटवरच आहे. कडवं याच दोन कॉर्डवर झुलतं आणि मग डी मायनर, जी.

स्वस्त मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. प्रवासात सरकला की वरचे सूर बेसूर. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवावा: दाबलेला चढा आला तर ब्रिज मागे, उतरला तर मानेकडे. जुळलं की लाकडावर पेन्सिलने खूण करावी. सगळ्या तारा एकदम बदलू नयेत, एक काढून एक घालावी, ब्रिज पडत नाही.

पावसाळी हवेत आठ तारा दर वीस मिनिटांनी उतरतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, थोडा फरक पडला. मंचावर मात्र गाण्याआधी अर्धा मिनिट ट्यूनरसाठी धरावंच.

१७ ऑगस्ट

पूर्ण संच सलग वाजवून रेकॉर्ड केला. संध्याकाळची वेळ घेतली ती फुकट गेली. गणपती दहा दिवसांवर, आसपास ढोलताशा पथकांचा सराव. बंद खोलीतही ढोलाचा खालचा ठोका माइकमध्ये शिरतो आणि बासच्या पट्ट्यात बसतो, तो नंतर काढता येत नाही. पुढची वेळ सकाळी नऊची घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात रेकॉर्डिंग करायचं तर सकाळीच.

सकाळच्या रेकॉर्डिंगवरून केलेल्या दुरुस्त्या: दोन्ही गिटार १२० हर्ट्झखाली कापल्या, उंच तारांची गिटार आठ मिलिसेकंद मागे सरकवली (रिकनबॅकरचा ‘जाड आधी, बारीक नंतर’ हा क्रम त्यामुळे येतो), बास ८०० हर्ट्झला दोन डेसिबल वर. गाण्याचा आवाज ‘मर्मर’सारखा वाद्यांमध्ये बुडवून पाहिला. इंग्रजी गाण्यांना शोभतो. आमचं एक मराठी गाणं त्याच मांडणीत बसवून पाहिलं तर आवाज दोन डेसिबल वर आणावा लागला. मराठी श्रोता शब्दाचा माग सोडत नाही. शब्द हुकला की तो गाण्याबाहेर पडतो.

२४ ऑगस्ट

खर्च, ढोबळ: तारांचा संच १,२००, मँडोलिनच्या तारा ४००, मॅलेट ७००, कपॅसिटर आणि सोल्डर ६०, सुटी .००८ तार सहा नग ३६०. जॅमरूम तासाला ४०० रुपये, आणि सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. ‘क्रेझी’ आणि बारा तारांची उठाठेव घरी करून मग खोली घेतली असती तर त्यातले निम्मे वाचले असते.

मंचावरचा क्रम वाद्यांच्या अदलाबदलीनुसार बदलला. आधी बर्ड्स, कारण उंच तारा ताज्या ट्यून असतात. मग पायलॉन, वायर, ‘सुपरमॅन’ आणि ‘रेडिओ फ्री युरोप’ नेहमीच्या किटवर सलग. त्यानंतर सिंबल बाजूला करून व्हेल्वेटची दोन गाणी, ‘फाम फताल’ दुसरं. त्यात उंच तारांची गिटार लागत नाही, तेवढ्यात ती वाजवणाऱ्याने मंचाच्या कडेला मँडोलिन ट्यून करून घ्यायची. ड्रमवाला हाय-हॅट परत लावतो आणि शेवटी ‘लूझिंग माय रिलिजन’.

पिशवीत: .००८ तारा किमान तीन, कागदाच्या पट्ट्या, पेन्सिल, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, रुमाल, दोन क्रेट. आणि मंचावर गेल्यावर सगळ्यात आधी पंख्याचा रेग्युलेटर बघायचा.